आईबाबा सत्तरीला आलेत, नोकरी आणि लोकलमधून वेळ मिळत नाही. त्यांच्यासोबत चांगला वेळ घालवायला मुंबईजवळ कुठे न्यावं?

कुठेच नेऊ नका. निदान आधी तरी.

बदलापूर ते अंधेरी जाऊन-येऊन चार तास, घरी पोचेपर्यंत आईबाबा जेवून आडवे झालेले, म्हणून महिन्यातला एक रविवार त्यांच्यासाठी काढायचाय, असं तुम्ही लिहिलंय. प्रश्न वाचून माझं डोकं तापलं. तुमचा त्यात दोष नाही. माझा दादा बंगळुरूहून फोनवर अगदी हेच बोलतो. तो वर्षातून एकदा येतो, दोघांना गाडीत घालून रिसॉर्टवर नेतो आणि समोर बसून म्हणतो, "हं बाबा, बोला, काय म्हणताय?" बाबा म्हणतात, "बरं चाललंय." मग नाश्ता किती वाजेपर्यंत असतो ते विचारतात. परत आल्यावर दादाची तक्रार तयार, मी एवढा वेळ काढतो, पण तेच बोलत नाहीत.

अरे, बोलतील कसे? ही माणसं समोरासमोर बसवून बोलणारी नाहीतच. यांचे हात किंवा डोळे दुसऱ्या कशात तरी अडकलेले असले की यांची तोंडं उघडतात. माझ्या आईला "तुझं लहानपण सांग" म्हटलं तर ती "काय सांगायचं त्यात" म्हणेल. तीच आई मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून डाळिंब्या सोलायला बसली की तिच्या मामाच्या घरची अख्खी भांडणं बाहेर येतात. बिरडं करायचं असेल त्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर सायनला उतरते ती त्यासाठी. (बिरडंही चांगलं होतं, नाही असं नाही.)

बाबांचं तसंच. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी सायनच्या घराजवळून, प्रतीक्षानगरहून कुठलीतरी बस पकडायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं, हा त्यांचा कार्यक्रम. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ चं १० झालं आणि एसीचं ६ चं १२, तेव्हा चार दिवस कुरकुरले, पाचव्या दिवशी पुन्हा स्टॉपवर. दादाच्या मते हा टाइमपास आहे. मी मात्र अधूनमधून शेजारी जाऊन बसते.

अशाच एका संध्याकाळी सायन सर्कलपाशी बस अडकली. सायन स्टेशनवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पाडण्यासाठी बंद केला, त्यानंतर तिथे ट्रॅफिकचं काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. पाऊस होता, काचा बंद होत्या, बस इंचभर हलेना. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी अशीच उभी राहिली होती." मी म्हटलं, "कुठल्या दिवशी?"

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमच्याकडे त्या रात्रीची गोष्ट एकच, बाबा आले नाहीत, फोन लागेना, आई रात्रभर गॅलरीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा चिखलात भरून आले आणि आईने पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. का, ते आम्हा भावंडांना कधी कळलं नव्हतं.

त्यांची डबलडेकर कालिन्याच्या बाजूला अडकली होती. खालच्या मजल्यावर पाणी शिरलं तसं त्यांनी सगळ्यांना वर चढवलं, ड्रायव्हरसकट. शाळेची पोरं होती, एक बाई तान्हं घेऊन होती. बाबांचा डबा वरच्या मजल्यावर फिरला, एकेक घास. जवळच्या वस्तीतली पोरं छातीभर पाण्यातून बिस्किटांचे पुडे घेऊन आली. आणि बाबा? पैशांची चामडी पिशवी गळ्यात आणि तिकिटांची पेटी डोक्यावरच्या दांडीला रुमालाने बांधून रात्रभर जागे. तिकिटं भिजली तर हिशोब जुळणार कसा, ही चिंता! पाणी उतरल्यावर चालत आधी डेपोत गेले, कॅश भरली, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद दिला, मग घरी. आईचा अबोला त्यासाठी होता. "मी इथे मरतेय आणि तुम्ही आधी पैसे भरायला गेलात?"

हे सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. पुढची बस हलते का, तेच बघत होते. मध्येच आमच्या कंडक्टरला म्हणाले, "मागचा दरवाजा बघा हो, पोरं लटकतायत."

घरी येऊन दादाला फोन केला. तो गप्प झाला, मग म्हणाला, "मला कधीच सांगितलं नाही त्यांनी." मी म्हटलं, "तू कधी अडकलास त्यांच्याबरोबर ट्रॅफिकमध्ये? तू टोल भरून सुटतोस." तेव्हापासून आमचं थोडं बिनसलंय. तो म्हणतो, तू जवळ राहतेस म्हणून तुला सुचतं हे सगळं. त्यात तथ्य आहे. ऑफिसातून मुलुंडला माझ्या घरी जाताना सायन वाटेतच लागतं. आणि मी उशिरा पोचते तेव्हा घरी नवरा कुकर लावतो, हे लिहिलं नाही तर तो रागावेल. पण दूर राहणाऱ्यालाही आल्यावर दोन दिवस बाबांच्या मागे बसमध्ये बसता येतं. रिसॉर्टच हवं कशाला?

तुमचं तर घरच एक आहे. बाबा पासबुक भरायला बँकेत जात असतील, पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असेल, आई शनिवारी भाजीला जात असेल, तिथे पिशवी धरायला जा. मोबाइल खिशात. रेकॉर्डिंग तर मुळीच करू नका, लगेच भाषण सुरू होतं.

ज्यांच्या घरात आजारपण आहे त्यांना हे लागू नाही, तिथे वेळ काढण्याच्या आधी झोप मिळायला हवी. आणि ज्यांचं आईवडिलांशी खरोखर वाईट झालंय त्यांनी माझं ऐकून ओढूनताणून शेजारी बसू नये.

तरी कुठेतरी न्यायचंच असेल तर राणीची बाग, बुधवार सोडून. किंवा आणिक डेपोतलं बेस्टचं संग्रहालय. बसने जाणार असाल तर दुपारी लवकर निघा, शाळा सुटल्या की बसायला जागा मिळत नाही.