बेसबॉलच्या परंपरांना मुरड घालावी का?

प्रश्न : अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 2023 पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, वेळेची मर्यादा घालणारे घड्याळ लावण्यात आले, त्याआधी क्लीव्हलँडच्या संघाने 'इंडियन्स' हे आपले जुने नाव सोडले आणि आता होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारून बॅट भिरकावणाऱ्या खेळाडूंचे कौतुकही होऊ लागले आहे. नव्या पिढीच्या आणि निरनिराळ्या समाजांतील प्रेक्षकांसाठी परंपरेला अशी मुरड घालत गेल्यास खेळाचा मूळ स्वभावच हरवणार नाही का?

उत्तर : आपण सांगितलेले तीन बदल तीन वेगळ्या प्रकारचे आहेत, त्यामुळे त्यांचा निवाडा एकत्र करता येणार नाही.

बेसबॉल हा घड्याळाशिवायचा खेळ आहे, असे त्याचे चाहते अभिमानाने सांगतात, आणि त्या अभिमानात तथ्य आहे. शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत मागे पडलेल्या संघाची आशा संपत नाही. नव्या नियमाने याला हात लावलेला नाही. बॅटरने दर चेंडूनंतर बाजूला होऊन हातमोज्यांचे पट्टे सोडायचे आणि पुन्हा आवळायचे, पिचरने माउंडमागे (चेंडू टाकण्याच्या उंचवट्यामागे) एक फेरी मारायची, एवढाच रिकामा वेळ या नियमाने कमी केला. बेसवर (धावपटूंच्या थांब्यांवर) कोणी नसताना पिचरला 15 सेकंद मिळतात. नऊ इनिंगच्या सामन्याला 2022 मध्ये सरासरी 3 तास 4 मिनिटे लागत, ती 2023 मध्ये 2 तास 40 मिनिटांवर आली. 1980 च्या दशकातले सामने साधारण एवढ्याच वेळात संपत असत, म्हणजे या सुधारणेने खेळाला त्याची जुनी चालच परत दिली. याउलट, जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करण्याची 2020 मध्ये सुरू झालेली पद्धत मला पटत नाही, कारण बेस कमवावा लागतो, हे तर या खेळाचे मर्म आहे.

बॅट भिरकावण्याचा प्रश्न अलिखित नियमांचा आहे. अशाच एका नियमाचे उदाहरण घ्या. 17 ऑगस्ट 2020 रोजी टेक्सास रेंजर्सविरुद्ध सॅन डिएगो पॅड्रेस आठव्या इनिंगमध्ये सात धावांनी पुढे होते. तिन्ही बेस भरलेले होते आणि सलग तीन चेंडू 'बॉल', म्हणजे मारण्याच्या टप्प्याबाहेरचे, ठरले होते. संघ एवढा पुढे असताना बॅटरने चौथा चेंडू सोडून द्यावा, असा संकेत आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेल्या फर्नांडो टाटिस ज्युनियरने तो थेट प्रेक्षकांत धाडला, आणि पुढचाच चेंडू त्यानंतरचा बॅटर मॅनी मचाडो याच्या पाठीमागून गेला. लीगने त्या पिचरवर तीन सामन्यांची बंदी घातली, हे योग्यच झाले. आज या लीगमधील पावपेक्षा अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या मायदेशी मोकळेपणाने आनंद व्यक्त करणे हा खेळाचाच भाग असतो. जो नियम कुठे लिहिलेलाच नाही, तो नव्याने आलेल्याला चेंडू अंगावर आल्यावरच कळणार. अशा शिष्टाचाराला परंपरेचा मान देण्याआधी तो कोणी ठरवला, हे विचारायला हवे.

कारण कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगबाहेर ठेवणारी बंदीही नियमपुस्तकात नव्हती. ती क्लबमालकांच्या आपसांतल्या समजुतीने चालत होती. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले तेव्हा ती मोडली, आणि तरीही बॉस्टन रेड सॉक्स संघाला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला 1959 उजाडले. क्लीव्हलँडच्या नावाकडे मी याच इतिहासाच्या प्रकाशात पाहतो. अमेरिकेतील मूलनिवासी समाजाची चेष्टा करणारे बोधचित्र गणवेशावर मिरवायचे आणि त्याच समाजाने दशकानुदशके केलेला निषेध कानांआड करायचा, यात जपण्यासारखे काहीच नव्हते.

आकडेवारीची अखंड नोंद ही मात्र बेसबॉलची खरी परंपरा आहे, आणि तिच्यासाठी मी हिरिरीने भांडेन. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगच्या नोंदी 2024 मध्ये अधिकृत आकडेवारीत घेतल्या गेल्या, तेव्हा कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत (यशस्वी फटक्यांच्या प्रमाणात) टाय कॉब यांच्या .367 च्या वर जोश गिब्सन यांचे .372 आले. काहींना ही परंपरेत ढवळाढवळ वाटली. माझ्या मते अर्धवट राहिलेली नोंद तेथे पुरी होऊ लागली. गिब्सन यांना मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू दिला गेला नाही. जानेवारी 1947 मध्ये, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीनच महिने आधी, वयाच्या 35 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.