‘सालोस’: मूर्ख, पिसा की वेड पांघरलेला?

सायप्रसमधील नेआपोलिस, म्हणजे आजचे लिमासोल, येथील सातव्या शतकातील बिशप लिओन्तिओस यांनी संत सिमिओन यांचे ग्रीक भाषेत चरित्र लिहिले. त्यात सिमिओन यांना लावलेल्या ‘सालोस’ (ढोबळ अर्थ ‘वेडा’) या विशेषणासाठी मराठी अनुवादात ‘मूर्ख’ हा शब्द चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते तो चालणार नाही. बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रात ‘ख्रिस्तासाठी मूर्ख’ अशा अर्थाचे वचन आहे खरे, पण तेथे मूळ ग्रीक शब्द ‘मोरोस’ हा आहे; आणि ‘मूर्ख’ म्हटले की मराठी वाचकाला बुद्धीची उणीव जाणवते, वेडाची नव्हे.

लिओन्तिओस यांचा सिमिओन मृत समुद्राजवळच्या वाळवंटात एकोणतीस वर्षे तप करून सीरियातील एमेसा (आजचे होम्स) या नगरात येतो, तो उकिरड्यावरचे मेलेले कुत्रे कमरेच्या दोरीला बांधून, फरफटत ओढीत. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शिरून तो अक्रोड-बदामांसारखी फळे फेकून दिवे विझवतो. मात्र योहान नावाच्या डीकनशी (चर्चमधील कनिष्ठ धर्मसेवकाशी) एकांतात बोलताना त्याच्या वागण्यात वेडाचा मागमूसही नसतो. शब्द निवडताना हा तपशील निर्णायक ठरतो, कारण हे वेड लागलेले नाही, घेतलेले आहे.

म्हणूनच ‘ख्रिस्तवेडा’ हा शब्दही फसवा आहे. ‘क्रिकेटवेडा’प्रमाणे त्यातून नुसता नाद किंवा ध्यास सूचित होतो. ‘पिसा’ हा शब्द मला कानाला फार गोड लागतो, पण पिसे लागते, ते कोणी ठरवून घेत नाही. आपल्याकडे ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या महानुभाव चरित्रात असेच लोकविलक्षण वर्तन आढळते आणि अशा सत्पुरुषांसाठी ‘बालोन्मत्तपिशाचवृत्ती’ (बालकासारखे, उन्मत्तासारखे, पिशाचासारखे वागणे) हा शब्द रूढ आहे. तथापि ती वृत्ती सिद्धावस्थेतून सहज आलेली मानतात, तर सिमिओन आपले संतपण लोकांपासून लपवण्यासाठी वेड्याचे सोंग वठवतो.

राहिले ‘वेड पांघरणे’. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणीमुळे त्याला लबाडीचा वास येतो, हे मान्य. पण पेडगाव वगळले की उरते ते नेमके लिओन्तिओस यांना अभिप्रेत असलेले. तेव्हा शीर्षकात ‘वेड पांघरलेला सिमिओन’ असे लिहावे आणि एमेसावासीयांच्या तोंडी मात्र सरळ ‘वेडा’ हाच शब्द ठेवावा, कारण त्यांना पांघरूण दिसतच नव्हते.