लोगो आधी शिक्क्यावर उमटू दे

बेटा,

मेळघाटातल्या धारणीच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे तू पाठवलेले तिन्ही लोगो पाहिले, मोबाईलवर पाहिले आणि दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर पण. मेहनत दिसते. पण रंगीत हाताचे ठसे, मागे उगवता सूर्य, दप्तर घेतलेली दोन पोरं, हे मुलांसाठी काम करणाऱ्या कितीतरी संस्थांकडे आहे गं, त्यात धारणी कुठं आहे, तिथली आदिवासी कोरकू पोरं कुठं आहेत?

आणि ही संस्था लोकांना भेटते कुठं याचा विचार कर. पावतीवरच्या निळ्या शिक्क्यात भेटते, बोलेरोच्या दारावर, झेडपी शाळेच्या भिंतीवर, व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत. परतवाड्याच्या एका पेंटरसोबत मी लय भिंती रंगवून घेतल्या, तो आधी सुताला गेरू लावून भिंतीवर फटका मारतो, लाइन पडली की मग ऑइलपेंटचा ब्रश, त्याला तू ग्रेडियंट, म्हणजे एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा रंग, दिलास तर तो त्याच्या अंदाजाने काहीतरी करणार आणि दहा गावांत दहा लोगो होणार. म्हणून आधी एका रंगात काढ. मग हवा तो रंग टाक, फक्त लाल जपून, आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात फ्लेक्सवरचा लाल लवकर विटतो.

नावाचा फॉन्ट बदलच. ल आणि श हिंदी वळणाचे आलेत. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, २००९ च्या शासन निर्णयात पण तेच आहे, आणि पोरं जे अक्षर गिरवतात तेच त्यांच्या संस्थेच्या पाटीवर असावं असं मला मनापासून वाटतं. मुक्त, बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, पण मराठी वळण येतं का ते बघून घे. फाईल देताना कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांची आकृती करून दे, नाहीतर फ्लेक्सवाल्याच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात.

आता फोटोचं. ब्रोशरमध्ये तू रडणारं पोर घेतलंस. मी पण सुरुवातीला एका संस्थेच्या पोस्टरसाठी असाच फोटो वापरला होता, फाटकं बनियान, नाक वाहतंय. देणग्या आल्या. दोन महिन्यांनी आठवडी बाजारात तोच मुलगा आईसोबत त्या फ्लेक्सखाली दिसला, सोबतची पोरं बोट दाखवत होती आणि तो आईच्या लुगड्यात तोंड लपवत होता. आई मला एवढंच म्हणाली, "आमाले सांगतलं असतं त धुतला शर्ट घालून देला असता जी." त्या रात्री मला झोप आली नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं छापताच येत नाही, ते तर आहेच, पण ज्याचा फोटो छापता येतो त्याला पण विचार, त्याच्या आईला विचार, आणि त्यांना आवडेल असाच घे.

नवीन लोगो झाला की संस्थेच्या साहेबांना नंतर दाखव, आधी अंगणवाडीतल्या बाईला दाखव, नाव झाकून, आणि हे काय वाटतं एवढंच विचार. ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून आण.

रविवारी मला फाईल पाठवू नको. एक इंचाचा रबरी शिक्का बनवून घे आणि साध्या कागदावर त्याचे पाच ठसे मारून आण.