मेळावा एका दिवशी, नमुना ज्याच्या त्याच्या वेळेला

प्रश्न : भाच्याला फँकोनी ॲनिमिया (बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, निकामी होत जाणारा आनुवंशिक आजार) आहे. सांगली-मिरज परिसरातली अशी पाच घरं आता एकमेकांच्या संपर्कात आहेत. मुंबईचे संशोधक एका रविवारी मिरजेत यायला तयार आहेत. त्याच दिवशी सगळ्यांचं रक्त काढून द्यावं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : भेट जरूर घडवा, पण रक्त त्या दिवशी नको. ही मुलं अधूनमधून रक्त चढवून घेतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते. नमुना पुढचं रक्त चढवण्याच्या आधी काढलेला बरा. चढवल्यावर लगेच काढला तर त्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात.

मुख्य तपासणी क्रोमोसोम ब्रेकेजची. ती जिवंत पेशींवर होते. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सुमारे 72 तास वाढवतात, त्यांना मायटोमायसिन-सी किंवा डीईबी ही गुणसूत्रांना इजा करणारी रसायनं देतात आणि गुणसूत्रं किती तुटली ते मोजतात. म्हणून नळी हिरव्या बुचाचीच हवी, सोडियम हेपॅरिनची. जांभळ्या बुचाची, म्हणजे ईडीटीएची, जनुक तपासणीला. घाईत या दोन्हींची अदलाबदल सर्रास होते आणि पोराला पुन्हा सुई टोचावी लागते. रक्त भरताच नळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, नाहीतर गुठळी होते. हिरवी नळी ना फ्रिजमध्ये, ना बर्फाला टेकवून, ना एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर. 24 तासांत, फार तर 48 तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. मिरजेहून रात्रीच्या गाडीनं ते जमतं. शनिवारी पाठवलेली मात्र बहुधा सोमवारपर्यंत पडून राहते. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी असतात, तेव्हा सुई काढल्यावर पाचदहा मिनिटं दाबून धरा, चोळू नका.

दुसरं कारण संमतीचं. पाहुणे समोर बसलेत, चहा झालाय, अशा वेळी 'नाही' म्हणायला जीभ उचलत नाही. कागद मराठीत आधी घरी पाठवायला सांगा. त्यात चार गोष्टी स्पष्ट पाहिजेत: एथिक्स कमिटीची मंजुरी, नमुना किती वर्षं ठेवणार, परदेशी जाणार का, आणि निकाल घरच्यांना कळवणार का. शेवटची सगळ्यात जास्त विसरली जाते. साठवणुकीची संमती वेगळ्या सहीनं घ्यावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणे 7 वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो, 12 नंतर तो लेखी.

पांढऱ्या पेशी फार घटलेल्या मुलाला गर्दीत आणू नका. आईवडील आले तरी काम होतं.

प्रश्न : धाकट्याला हाच आजार, थोरली मुलगी ठणठणीत आहे. तिचीही तपासणी करायची का? माझं लग्न मामेबहिणीशी झालं आहे.
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ब्रेकेज करा, ती ठणठणीत दिसत असली तरी. बोन मॅरोची दाता म्हणून पहिली नजर तिच्यावरच जाणार, आणि तिलाही लक्षणं न दिसणारा फँकोनी असला तर तो मॅरो उपयोगाचा नाही. मुलाला घरच्या माणसांचं रक्तही चढवू नका, नाहीतर पुढे त्यांचा मॅरो त्याचं शरीर नाकारू शकतं. मुलाची स्वतःची तपासणी निगेटिव्ह आली आणि डॉक्टरांचा संशय कायम असला, तर त्वचेच्या पेशींवर तीच तपासणी करायला सांगा. काहींच्या रक्तातल्या बऱ्याच पेशी आपोआप सुधारलेल्या असतात, त्या फसवतात.

मुलगी वाहक आहे का, म्हणजे स्वतःला आजार नसून सदोष जनुक तिच्यात आहे का, हे ब्रेकेजमध्ये कळत नाही. त्याला आधी मुलाच्या जनुकातला दोष सापडावा लागतो. हा निकाल ती सज्ञान झाल्यावर तिच्याच हातात द्यावा. नात्यागोत्यात पसरला की स्थळं आखडतात. मात्र दोष बीआरसीए-2 या जनुकामध्ये निघाला तर ती मोठी झाल्यावर तिला तो न सांगून चालणार नाही, कारण अशा वाहकालाही स्तन आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका असतो.

खर्चाचं: 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात फँकोनी पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचारानं बरे होऊ शकणाऱ्या आजारांत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या उत्कृष्टता केंद्रात नाव नोंदवा. मदत 50 लाखांपर्यंत मिळू शकते. आणि घरात मिश्री असेल तर ती आजच बंद करा. या मुलांना तोंडाचा कॅन्सर फार लवकर गाठतो.