तासगावची द्राक्षबाग आणि थोडा ऊस : २४ एचपी फोर व्हील मिनी ट्रॅक्टरचे मागचे टायर रुंद घ्यावेत का?

बागेत मुख्य काम ब्लोअरचं (ट्रॅक्टरमागं जोडायचं, टाकीतलं औषध पंख्यानं फवारणारं यंत्र) असेल तर रुंद घेऊ नका. कंपनीचाच साईझ ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस झाला की दावण्याच्या (डाऊनी, म्हणजे केवडा रोगाच्या) भीतीनं ओल्या रानातच फवारणीला जावं लागतं. तेव्हा रुंदीपेक्षा नक्षी कामाला येते. उंच गुट्ट्या, मध्ये मोकळी जागा, असा शेतीचा टायर काळ्या रानातला चिखल फिरता फिरता झाडून टाकतो. दाट नक्षीचा घेतलात तर दोन ओळींतच थापला जातो आणि मग नुसता गरगर फिरतो. शिवाय रुंद टायर वळणावर मांडवाच्या लोखंडी अँगलला आणि ठिबकच्या नळीला घासतो, ते वेगळंच.

दुसरं, फोर व्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाते त्या ट्रॅक्टरमध्ये, पुढच्या-मागच्या टायरचं प्रमाण गिअरला जुळवलेलं असतं. फक्त मागचे मोठे केले की पुढचे ओढले जातात, झिजतात, गिअरवर ताण येतो. तसंही डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा गिअर काढूनच चालवा.

टायरमध्ये पाणी भरायचं का, हे दुकानदार विचारेलच. नांगर ओढायचा असेल तर भरा, पाऊण टायरपर्यंत. ब्लोअरची टाकी भरली की मागं वजन असतंच. वर पाणी भरून ओलं रान कशाला दाबायचं?

उसाची ट्रॉली ओढणार असाल तर प्लाय रेटिंग (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) जास्तीचं घ्या. बसवताना टायरवरचा बाण पुढं फिरण्याच्या दिशेनं आहे ना, एवढं तिथंच उभं राहून बघा. घाईत उलटा बसवतात.