कपड्यांच्या दुकानात नवीन लागलोय, गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तर काय करायचं?

मी साड्यांच्या दुकानात सहा वर्षं काउंटरला आहे. ओरडणाऱ्याला मधेच तोडू नका. पूर्ण बोलू द्या, मग त्यांचीच तक्रार परत सांगा: "म्हणजे ताई, पहिल्याच धुण्यात काठाचा रंग उतरला, बरोबर?" आपलं ऐकलंय हे कळलं की बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

खरी भांडणं होतात ती माल परत घेण्यावरून, दिवाळीत आणि लग्नसराईत तर जास्तच. तिथे नियम पाठ हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे गिऱ्हाईक उद्धट असलं तरी अशा वेळी त्याचं म्हणणं बरोबर असतं! घरी गेल्यावर नुसता रंग आवडला नाही, तर गोष्ट वेगळी. तिथे दुकानाचं धोरण चालतं. ते बिल करतानाच तोंडी सांगून ठेवा.

शिवी दिली किंवा हात उगारला, तर "शेठना बोलावतो" म्हणून सरळ बाजूला व्हा. त्यात कमीपणा अजिबात नाही. ते ऐकून घेण्याचा पगार तुम्हाला मिळत नाही.