दोन मजली घरात वर रेंज येत नाही. मेश घ्यावा की ॲक्सेस पॉइंट, आणि कुठे लावावा?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: खाली हॉल आणि किचन, वर तीन खोल्या, मध्ये स्लॅब. फायबरचा डबा (राउटर) दाराशेजारी चपलांच्या रॅकवर बसवलाय. वर मुलीच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो. दुकानदार तीन डब्यांचा मेश, म्हणजे एकमेकांशी बिनवायरने बोलणारे वायफायचे डबे, घ्या म्हणतोय आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की त्याऐवजी ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं इंटरनेट वायफायवर पसरवणारे डबे, घेतले तर कोणते घ्यायचे आणि कुठे लावायचे.

माझा हा धंदा नाही, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो. पण स्वतःच्या घरात एकदा हा उद्योग केला आणि तेव्हापासून नात्यात कुणाचंही वायफाय अडलं की बोलावणं येतं. चहा-पोह्यांवर सात-आठ घरं झाली असतील. त्या अनुभवावर सांगतो.

काही विकत घेण्याआधी एक करा. फायबरच्या डब्यापासून पाच-सहा फुटांवर उभे राहा, फोन ५ गिगाहर्ट्झला जोडा (वायफायचे दोन पट्टे असतात: २.४ लांब पोचतो, ५ वेगवान असतो) आणि स्पीड टेस्ट घ्या. तिथेच वेग मिळत नसेल तर दुखणं लाइनचं आहे, घरात कितीही डबे लावा. तिथे वेग पूर्ण येतोय आणि जिना चढला की मरतोय, असं असेल तर पुढचं वाचा.

माझ्या मते खरा प्रश्न एवढाच आहे: वरच्या मजल्यापर्यंत वायर जाते का? जात असेल तर कुठलाही बरा ॲक्सेस पॉइंट चालेल. वायर नसेल तर महागातला मेशसुद्धा शेवटी त्याच स्लॅबमधून रेडिओ लहरी ढकलणार. त्यात लोखंडी सळ्या, वर टाइल्स, मध्येच कुठे बाथरूमचे पाइप. शिवाय साध्या मेशमध्ये वरचा डबा खालून घेतो त्याच रेडिओवर आणि पुढे देतो तोही त्याच रेडिओवर, म्हणजे वेग साधारण निम्म्यावर येतो. वेगळा तिसरा रेडिओ असलेले मेश असतात, ते बरे. पण त्या पैशात वायरमनची मजुरी, केबल आणि ॲक्सेस पॉइंट असं बहुधा सगळंच बसतं. आणि मेशचे डबे वायरने जोडले की तेही ॲक्सेस पॉइंटच झाले, त्यामुळे घेऊन बसला असाल तर परत करायची गरज नाही.

आता वायर कुठून न्यायची? "भिंत फोडावी लागेल" म्हणून लोक इथेच थांबतात. घर पंधरा-वीस वर्षांचं असेल तर केबल टीव्हीची जाड काळी वायर आठवते का? गच्चीवरून हॉलपर्यंत तिचा पाइप भिंतीत गाडलेला असतो आणि आता ती वायर कुणी वापरत नाही. आमच्याकडे ती वरच्या पॅसेजमधल्या एका बॉक्समधून खाली टीव्हीमागे उतरली होती. मी तिच्या खालच्या टोकाला कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची केबल, बांधली. गाठ मारली नाही, दोन्ही टोकं एकमेकांलगत धरून चिकटपट्टी निमुळती होत जाईल अशी गुंडाळली, म्हणजे वळणावर अडकत नाही. बायको खालून केबल भरवत होती, मी वरून काळी वायर ओढत होतो. एका वळणावर अडलंच. तिने घरातली टाल्कम पावडर पाइपात फुंकली, केबल फूटभर मागे घेऊन पुन्हा सोडली आणि ती सुळकन वर आली. जोर लावून हिसके मारू नका. कॅट सिक्सला साधारण ११ किलोपेक्षा जास्त ताण देऊ नये, आतले पीळ ओढले जातात.

असा पाइप नसेल तर जिन्याच्या कोपऱ्यातून पांढरी केसिंग पट्टी. रंगकाम झाल्यावर आठवड्याभरात ती दिसेनाशी होते. लाइटच्या वायरींच्या पाइपातून मात्र ही केबल नेऊ नका, वायरमन "काही होत नाही" म्हणाला तरी. बाहेरून न्यायची असेल तर उन्हात टिकणारी काळी आउटडोअर केबल घ्या आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. नाहीतर पावसाळ्यात पाणी वायरीवरून चालत थेट घरात येतं.

केबल घेताना फसवणूक होते, म्हणून दुकानातच बघा. आतली एक तार ब्लेडने खरवडायची. लाल निघाली तर तांबं. खाली चांदीसारखी पांढरी दिसली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती केबल परत ठेवा, कारण आपण याच केबलमधून वीजही पाठवणार आहोत.

ती पाठवणारी सोय म्हणजे पीओई. खाली एक छोटा पीओई स्विच (दिव्याचं बटण नव्हे, नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा) ठेवायचा, वरच्या ॲक्सेस पॉइंटला इंटरनेट आणि वीज दोन्ही एकाच केबलमधून जातात, छताजवळ प्लग पॉइंट लागत नाही. अंतराची मर्यादा १०० मीटर, घरात ती भरत नाही. दोन पद्धती जास्त दिसतात: ८०२.३एएफ, यात पोर्टमागे १५.४ वॉट, आणि ८०२.३एटी, यात ३० वॉट. ॲक्सेस पॉइंटच्या खोक्यावर कोणती लिहिलीय ते बघून स्विच घ्या. स्विच आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा, म्हणजे लाइट गेली तरी वरचंही चालू राहतं. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस या स्विचला चालत नाही, त्याला साधारण ५० व्होल्ट लागतात.

टोकं स्वतः क्रिंप करणार, म्हणजे कनेक्टर दाबून बसवणार असाल तर माझी एक चूक सांगतो. सगळं जोडलं, इंटरनेट चालू झालं, पण काही केल्या वेग ९५ एमबीपीएसच्या वर जाईना. प्लॅन ३०० चा. दोन दिवस सेटिंगं उलटीपालटी केली, फायबर कंपनीच्या माणसावर मनातल्या मनात चिडलो. शेवटी स्विचवरचा दिवा पाहिला: हिरव्याऐवजी नारिंगी, म्हणजे १०० ची जोडणी. १०० एमबीपीएसला केबलमधल्या नारिंगी आणि हिरव्या अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. माझी तपकिरी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. टोक कापून परत क्रिंप केलं, दोन मिनिटांचं काम. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

जागा. गोल थाळीसारखे ॲक्सेस पॉइंट छतासाठी बनवलेले असतात, त्यांची रेंज उघड्या छत्रीसारखी खाली पसरते. वरच्या तीन खोल्यांची दारं ज्या पॅसेजमध्ये उघडतात तिथल्या छतावर एक लावा. पीओपी असेल तर पीओपीच्या खाली, आत लपवू नका, तिथे पत्र्याचे चॅनल असतात. लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी मध्ये येणार नाही एवढं बघा. खाली सध्याचा डबाच पुरेल, फक्त चपलांच्या रॅकवरून उचलून हॉलच्या मध्याकडे आणता आला तर आणा. फायबरची वायर थोडी वाढवून द्यायला सांगितलं की बहुतेक जण देतात.

आता ताकद. ॲक्सेस पॉइंट आला की जो तो सेटिंगमध्ये जाऊन पॉवर 'हाय' करतो. देवळावरचा भोंगा गावभर ऐकू जातो, पण गावातल्या माणसाने घरातून ओरडून उत्तर दिलं तर ते देवळात पोचत नाही. फोनचं तसंच आहे. त्याचा रेडिओ ॲक्सेस पॉइंटपेक्षा दुबळा. खालचा भोंगा मोठा केला तर वरच्या खोलीत फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि कॉल तरीही तुटतो. शिवाय कुठल्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. आयफोन सध्याचा सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) खाली गेल्याशिवाय दुसरा शोधायला लागत नाही, असं ॲपलनेच लिहून ठेवलंय. म्हणजे खालचा डबा जोरात असेल तर मुलगी वर जाऊन बसली तरी फोन खालच्यालाच धरून राहणार, डोक्यावर नवा कोरा ॲक्सेस पॉइंट असताना. म्हणून २.४ गिगाहर्ट्झची पॉवर 'लो', ५ ची 'मीडियम', आणि मग फोन घेऊन घरभर फिरा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप चालेल. बसायच्या-झोपायच्या जागी उणे ६७ किंवा त्याहून चांगलं, म्हणजे उणे ६०, ५५ असं, दिसलं की हात काढून घ्या.

बाकी सेटिंग पटकन: दोन्हीकडे नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड अगदी एकच. २.४ गिगाहर्ट्झवर खालच्या डब्याला चॅनल १, वरच्याला ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९, रुंदी ८०. शेजारी खूप वायफाय असतील तर ४०. गीझरचा स्मार्ट स्विच वगैरे असेल तर तो बहुधा फक्त २.४ वर चालतो आणि डब्ल्यूपीए३ (पासवर्डच्या सुरक्षेची नवी पद्धत) लावलं की काही जुनी उपकरणं रुसतात. तसं झालं तर डब्ल्यूपीए२ वर राहा.

पैसे वाचवायला घरातला जुना राउटर वर लावायचा विचार असेल तर तोही चालतो. केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा, त्याचा आयपी पत्ता बदला आणि डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायची सोय, आठवणीने बंद करा. मावशीकडे मी हे शेवटचं विसरलो. घरातले निम्मे फोन त्या जुन्या राउटरकडून पत्ता घेऊन बसले, वायफायचं चिन्ह पूर्ण आणि इंटरनेट शून्य. संध्याकाळी मालिकेच्या वेळेला फोन आला, "अरे, तू काय करून गेलास?"

कंपनी विचारलीत म्हणून: टीपी-लिंकचे ओमाडा मालिकेतले घरासाठी मला सोपे वाटतात, कंट्रोलरशिवाय (सगळे डबे एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रत्येकाचं सेटिंग ब्राउझरमधून करता येतं. युबिक्विटीचे युनिफाय दिसायला आणि वापरायला देखणे, पण त्यांची खरी मजा कंट्रोलर चालवलात तरच. वायफाय ६ चा, दोन अँटेनांचा घ्या. बहुतेक फोनला दोनच अँटेना असतात, चार अँटेनांचे जादा पैसे माझ्यासारख्या ३०० च्या प्लॅनवर वसूल होणार नाहीत. वायफाय ७ साठी थांबू नका.

आणि मेश आजच घेऊ नका. आधी टीव्हीमागची प्लेट उघडून बघा, काळी वायर आहे का आणि ओढल्यावर वरच्या बाजूला हलते का. हलली तर तुमचं अर्धं काम झालंय. नसेल तर जिन्याचा एक फोटो इथे टाका, पट्टी कुठून नेता येईल ते बघतो.